अंगठ्याखालचा गाव

गेल्या महिन्यात जळगावला एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ते तरुण, खादीतले, आवाज खणखणीत. स्वातंत्र्य आलं, आता पुढं काय, असा विषय. बोलता बोलता ते म्हणाले, "बंधूंनो, आजपासून आपण कुणाच्याही अंगठ्याखाली नाही!" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. मी उठलो, चपला शोधल्या आणि सरळ घरी आलो. शेजारचे म्हणाले, "अण्णांना इंग्रज गेल्याचं दुःख झालेलं दिसतंय." म्हणोत बापडे. मी उठलो तो त्या एका शब्दामुळं, आणि या दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी लिहा म्हणून गळ घातली, तेव्हा त्या शब्दाशिवाय दुसरं काही सुचेना.

अहो, हे मराठी नाही हो! मराठी माणूस दुसऱ्याला मुठीत ठेवतो, बोटावर नाचवतो, त्याच्या नाकात वेसण घालतो, फारच झालं तर टाचेखाली रगडतो. अंगठ्याखाली ठेवतो तो इंग्रज. 'अंडर द थंब' ही त्याची बोलण्याची रीत. एखादा माणूस दुसऱ्याच्या पुरता कह्यात असला, त्याच्या हुकुमाबाहेर श्वास घेत नसला, की इंग्रज म्हणणार, हा त्याच्या थंबखाली आहे. नोकर मालकाच्या, रयत जमीनदाराच्या, आणि नवरा बायकोच्या. बायकोच्या बाबतीत तर फारच आवडीनं म्हणतात. इकडं आता पोरंसोरं पेपरातनं उचलून तेच मराठीत बोलायला लागलीत. बोला बापांनो. मला मात्र तो शब्द ऐकला की अन्न गोड लागत नाही.

मी कोर्टात दुभाषी होतो. धुळ्याला होतो, जळगावला होतो, दोन्हीकडचं पाणी प्यायलो. दुभाष्याचं काम बाहेरच्या माणसाला वाटतं तितकं सोपं नाही आणि वकील समजतात तितकं क्षुद्रही नाही. जज्ज इंग्रज, साक्षीदार खेड्यातला. त्यातही पश्चिमेकडच्या खेड्यातला माणूस अहिराणी बोलणार, रावेरकडचा आणखी वेगळं. साहेबाचं इंग्रजी ऐकायचं, साक्षीदाराला त्याच्या भाषेत विचारायचं, त्याचं उत्तर साहेबाला इंग्रजीत सांगायचं. आपलं पदरचं काही घालायचं नाही, त्याचं काही गाळायचं नाही. आणि मुख्य नियम असा, की साक्षीदार 'मी' म्हणाला तर आपणही 'मी'च म्हणायचं. 'तो म्हणतो की' हे चालत नाही. त्यामुळं माझ्या तोंडून किती खून, किती दरोडे, किती बायका पळवणं झालं, त्याला हिशेब नाही. 'मीच कुऱ्हाड घातली साहेब,' असं भर कोर्टात म्हणून मी संध्याकाळी निवांत घरी जाऊन पिठलं-भाकरी खात असे. सुरुवातीला बायको घाबरायची. म्हणायची, कुणाचं पाप जिभेवर घेऊन येता हो! पुढं तिलाही सवय झाली.

'अंडर द थंब'शी माझी पहिली गाठ पडली ती अशीच एका पोटगीच्या दाव्यात. सोन्याचांदीचं दुकान असलेले एक गृहस्थ पिंजऱ्यात होते. साहेबांनी विचारलं, "हा माणूस दुसऱ्या बायकोच्या थंबखाली आहे काय?" मी क्षणभरही न थांबता विचारलं, "शेटजी, तुम्ही धाकट्या बायकोच्या ताटाखालचं मांजर आहात काय?" कोर्टात खसखस पिकली. शेटजी हात जोडून म्हणाले, "देवाशप्पथ सांगतो साहेब, आमच्या घरात मांजर नाही." मी तेही जसंच्या तसं साहेबांना सांगितलं. साहेब गोंधळले, मांजर कुठून आलं म्हणाले. मग थंब जाऊन ताट कसं आलं, ते मला समजावून द्यावं लागलं. ते इतके हसले की त्यांनी स्वतःच्या वहीत ते लिहून घेतलं. त्या दिवशी मी शेर होतो. एका भाषेतला माणूस उचलून दुसऱ्या भाषेत न सांडता ठेवता येतो, असा मला गर्वच झाला होता म्हणा ना.

तो गर्व ज्या खटल्यानं उतरवला त्याची ही हकीकत. कोर्ट कुठलं ते लिहीत नाही. धुळे समजा, जळगाव समजा. नावंही बदलली आहेत. माणसं गेली, पण त्यांची नातवंडं आहेत.

तापीकाठचं एक लहानसं गाव. तिथला लोटन नावाचा पंचविशीतला गडी खुनाच्या आरोपाखाली उभा होता. एका सावकाराच्या कारकुनाचं प्रेत बाजाराच्या वाटेवर, नाल्यात सापडलं होतं. डोक्यात घाव. आठ दिवस आधी भर बाजारात लोटनची त्या कारकुनाशी बाचाबाची झाली होती आणि "तुले दखाडस" असं, म्हणजे तुला दाखवतो असं, तो सगळ्यांसमोर बोलला होता. एवढाच पुरावा. पण मारणाराचा दुसरा कुणाचा पत्ता नाही, आणि फिर्यादीला कुणीतरी हवाच असतो.

लोटनचं म्हणणं एकच होतं. कारकुनाचा खून दुपार कलल्यावर झाला आणि त्या दिवशी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तो गावच्या चावडीवर बसलेला होता. एकटा नाही, सारा गाव बसलेला होता. विहिरीच्या पाण्याची पाळी कुणी कधी घ्यायची याचा तंटा होता, तो त्या दिवशी मिटला आणि त्याचा कागद झाला. कागदावर लोटनचा अंगठा होता. बाजाराच्या वाटेवरचा तो नाला तिथून चार कोस. चावडीवर अंगठा देणारा हात त्याच वेळी नाल्यात कुऱ्हाड कशी मारील? तो कागद खरा ठरला तर लोटन सुटला, खोटा ठरला तर फासावर. आडवाट नव्हती.

आता कागदावर अंगठे लावायची आमच्याकडची रीत सांगतो, कारण सगळं तिथंच अडलं. पंचांचा कागद झाला की पहिला अंगठा पोलीस पाटलाचा, अगदी वर. त्याच्याखाली म्हातारी मंडळी, त्यांच्याखाली बाकीचे, मानाप्रमाणं. मान म्हणून पाटील वर. पाटलाचा अंगठा वर असला म्हणजे कागद चोख, गावासमोर झालेला. आणि सबरजिस्ट्रारच्या कचेरीत, पोलीस ठाण्यात कारकून 'थंब दे, थंब दे' म्हणून ओरडत असल्यामुळं तो शब्द खेड्यातही रुळला होता. 'थंब'चं 'थम' झालं होतं एवढंच. सही येत नसलेला माणूसही ऐटीत सांगायचा, "मी थम दिधा."

साक्षीला त्या गावचे पाटील आले. हिलाल आबा. साठी उलटलेली, अंगानं काटक, डोक्याला लाल पागोटं, खास कोर्टासाठी धुऊन आणलेलं. सरकारी वकील बाहेरगावचे होते, मराठी बेताचीच. ते इंग्रजीत विचारत, मी आबांना विचारी. आरोपीच्या वकिलानं घेतलेली पहिली साक्ष फार छान झाली. आबा एकेक गोष्ट शांतपणे सांगत होते. चावडीवर कोण कुठं बसलं होतं, लोटन कुणाशी भांडला, मग कसा रुसून बाजूला बसला आणि त्याच्या मायनं, वेणू अक्कानं, येऊन त्याला अंगठा द्यायला लावलं. असलं बारीकसारीक कुणी मनानं रचत नाही. ती वेणू अक्का मागं भिंतीशी बसलेली होती. आबा बोलत होते आणि ती हळूहळू मान डोलवत होती.

मग उलटतपास. सरकारी वकिलांचा रोख साधा होता. हा कागद केव्हाही करता येतो, पाटील म्हणेल ते गाव करतो, पाटलानं लोटनला वाचवायचं ठरवलं आणि सगळ्यांनी निमूटपणे अंगठे दिले. त्यांनी तो कागद हातात घेतला, आबांच्या नाकासमोर हलवला आणि इंग्रजीत खडसावलं, "सारा गाव तुझ्या थंबखाली आहे, खरं की नाही?"

माझं भाषांतर तयार होतं. 'आबा, सगळा गाव तुमच्या मुठीत आहे की नाही?' ओठापर्यंत आलेलं होतं. आणि त्याचं उत्तर काय आलं असतं तेही मला ठाऊक होतं, कारण सकाळीच आबा कोर्टाच्या ओट्यावर बसून माझ्याजवळ कुरकुरत होते, "काय सांगू भाऊ, मना घरमा मना आंडोर मनं ऐकत नही, गाव काय ऐकी?" आंडोर म्हणजे मुलगा. असा हा पाटील!

पण आबांनी समोर कागद पाहिला होता आणि कानावर 'थंब' पडलं होतं. त्यांना वाटलं, कागदावरचे अंगठे विचारतात. माझी वाट कशाला बघतील? चेहरा एकदम खुलला. छाती पुढं काढून, सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "हां साहेब! बठ्ठा गाव मना थमना खाले शे. एक बी माणूस बाहेर नही!"

सारा गाव माझ्या अंगठ्याच्या खाली आहे. एकसुद्धा माणूस बाहेर नाही.

जज्जसाहेबांनी मराठीची परीक्षा दिलेली होती आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. गाव, थम, खाले, माणूस, बाहेर. कुठलाही शब्द अडण्यासारखा नव्हता. ते माझ्याकडं न बघताच लिहायला लागले. सरकारी वकिलांना आपल्या नशिबावर विश्वास बसेना, ते कागद हातात धरून तसेच उभे राहिले. आणि पिंजऱ्यात लोटन! त्याला वाटलं, आता सुटलो. आबांनी छातीठोक सांगितलं, आता कोण नाही म्हणतो! त्यानं हसून आपला उजवा अंगठा वर केला आणि साहेबांना दाखवला. हा बघा, हाच तो, कागदावरचा. साहेबांच्या मराठीच्या पुस्तकात ठेंगा दाखवणं म्हणजे काय, ते होतं. त्यांचा चेहरा लाल झाला. शिपायानं लोटनचा हात खाली ओढला.

मी उभा राहिलो. म्हणालो, "साहेब, प्रश्न मी अजून साक्षीदाराला सांगितलेलाच नाही."

साहेब म्हणाले, "त्याला प्रश्न कळला. उत्तर मला कळलं. मग तुमची गरज कुठं पडली?"

"साहेब, त्याचा अर्थ वेगळा आहे. अंगठे कागदावर कसे लावतात..."

"तुम्ही दुभाषी आहात, साक्षीदार नाही. बसा."

बसलो. काय करणार? दुभाष्याला स्वतःचं तोंड नसतं. दुसऱ्याचं 'मी' बोलायला त्याला सरकार पगार देतं, स्वतःचं 'मी' त्यानं घरी ठेवून यायचं. इतकी वर्षं दोन भाषांच्या मधे उभं राहून मी अडले शब्द पार केले, मांजराचा थंब केला, थंबाचं मांजर केलं. आणि ज्या वाक्याला भाषांतर लागलंच नाही, जे इकडून तिकडं शब्दाला शब्द लागून बिनबोभाट गेलं, तेच वाक्य एका माणसाचा जीव घेऊन गेलं. दोन भाषा त्या दिवशी नको तिथं जुळल्या. माझा त्यात काही उपयोग नव्हता.

मधल्या सुट्टीत आरोपीच्या वकिलानं आबांना आवारातल्या कडुनिंबाखाली गाठलं. हा बिचारा नवखा, गरीब आरोपीसाठी कोर्टानंच दिलेला. त्यानं आबांना इंग्रजाचा थंब समजावून सांगितला. मी लांबून बघत होतो. आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. सुट्टीनंतर वकिलानं पुन्हा विचारलं तेव्हा आबांनी सगळं नीट सांगितलं. माझा अंगठा मानानं वर, बाकीचे खाले, एवढंच माझं म्हणणं, साहेब, गाव माझं ऐकत कुठं? मी एकेक शब्द जीव ओतून इंग्रजीत ठेवला. पण सरकारी वकिलांनी व्हरांड्यातनं ते कडुनिंबाखालचं बोलणं पाहिलं होतं. ते उठून तेवढंच म्हणाले. साहेब मंद हसले आणि लिहून घेतलं, की साक्षीदाराला सुट्टीत शिकवून आणलं, तेव्हा त्यानं आधीचं खरं उत्तर फिरवलं. बाकीचे साक्षीदार आले तेव्हा साहेब लिहीतही नव्हते. थंबखालचा गाव! त्याचं काय लिहायचं?

कोर्टात दोन असेसर बसलेले असत, इथलेच प्रतिष्ठित गृहस्थ. त्यांचं मत साहेबानं विचारायचं, मानलंच पाहिजे असं नाही. दोघांनीही लोटन निर्दोष म्हणून सांगितलं. साहेबांनी त्यांचे आभार मानले आणि फाशीची शिक्षा दिली.

कागद मुंबईला हायकोर्टात गेले. तिथल्या न्यायाधीशांपुढं आबा नव्हते, त्यांचं पागोटं नव्हतं, तो खुललेला चेहरा नव्हता. होतं फक्त स्वच्छ इंग्रजी वाक्य, 'सारा गाव माझ्या थंबखाली आहे, एकही माणूस बाहेर नाही.' कुठल्याही इंग्रजी वाचणाराला त्याचा एकच अर्थ लागणार. त्यांना तरी दोष कसा देऊ? शिक्षा कायम होऊन आली.

ती बातमी आली त्या दिवशी आबा माझ्या घरी आले. पाण्याला हात लावला नाही. म्हणाले, "भाऊ, मनं काय चुकनं? मी ते खरंच सांगं ना?" मी म्हणालो, "आबा, तुम्ही खरंच सांगितलं." "मंग?" इंग्रज दुसऱ्याला दाबायचं म्हटलं की अंगठा काढतो आणि आपण मान द्यायचा म्हटलं की अंगठा काढतो, हे त्या म्हाताऱ्याला सांगून त्याचा लोटन परत येणार होता? आबांनी आपला उजवा अंगठा डोळ्यांसमोर धरला. मग म्हणाले, "हाऊ कापी टाकू का?" हा कापून टाकू का?

खून कुणी केला ते मला आजतागायत माहीत नाही. लोटननं केला नाही एवढं मात्र मी कुठल्याही देवळात देवावर हात ठेवून सांगेन.

फाशीच्या दिवशी सकाळी आबा आणि वेणू अक्का गाडी जोडून तुरुंगाच्या दरवाज्याशी आले. प्रेत ताब्यात मिळणार होतं. आबांनी मला बोलावणं पाठवलं होतं, "तठे साहेब काय बोलस ते सांगाले या." तिथं साहेबाचं बोलणं सांगायला या. तो माझा सुट्टीचा दिवस. पण गेलो. न जाऊन सांगतो कुणाला? लोटनचं प्रेत घोंगडीत गुंडाळून आणलं. अक्का रडली नाही. तिनं घोंगडीतनं त्याचा हात बाहेर काढला, अंगठा आपल्या पदरानं पुसला आणि हात पुन्हा आत ठेवला.

तुरुंगाच्या कारकुनानं पावतीचा कागद पुढं केला. प्रेत मिळालं म्हणून नातेवाइकाचा अंगठा, साक्ष म्हणून पाटलाचा. कारकून इकडचाच, रीत जाणणारा. म्हणाला, "पाटील, आधी तुमचा, वर."

आबांनी हात मागं घेतला. "नही," ते म्हणाले, "मायना वर. मना तिना खाले. आते मना थमना खाले कोणीच नको."

आईचा वर, माझा तिच्या खाली. आता माझ्या अंगठ्याखाली कुणीच नको.

पलीकडं टेबलाशी तुरुंगाचा गोरा अधिकारी बसला होता. काय खोळंबा आहे, म्हातारा काय म्हणतो, असं त्यानं मला विचारलं. मी नियमाप्रमाणं पदरचं काही न घालता, काही न गाळता, 'मी' म्हणून सांगितलं, "माझा थंब या बाईच्या थंबखाली असू द्या. आता माझ्या थंबखाली कुणीच नको."

साहेब खो खो हसला. म्हणाला, "असू दे, असू दे! आम्ही सगळे कुठल्या ना कुठल्या बाईच्या थंबखालीच असतो!"

अक्कानं अंगठा दिला. त्याच्याखाली आबांनी दिला, दाबून, नीट. बोटाची शाई धोतराला पुसत त्यांनी मला विचारलं, "साहेब का हसना भाऊ? काय बोलना?"

उभ्या नोकरीत मी कुणाचं बोलणं बदलून सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "साहेब म्हणतात, बरोबर आहे."

आबांनी मान हलवली. घोंगडीचं एक टोक स्वतःच्या हातात घेतलं आणि म्हणाले, "आते समजनं त्यासले."